उघाडीचं दार

पुतळाचं लग्न कळंबोलीला जमलं, तर वेणूबाईच्या पदरात काय काय पडणार होतं ते आधी पाहू. जावई ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कंपनीत कायम नोकरीला, विडीकाडीचा नाद नाही, दिसायलाही बरा. लेक एसटीच्या टप्प्यात; सकाळी निघावं, तिच्या हातचं जेवावं आणि दिवेलागणीला घरी यावं. आणखी एक लाभ होता, पण तो वेणूबाई कोणाला बोलून दाखवत नसे. जाऊबाई रखमा हिचं तोंड बंद होणार होतं. "आयशीची जीभ पोरीत उतरलीय, कोन करील तिला?" हे रखमा गावभर हळदीकुंकवासारखं वाटत फिरायची.

एवढ्या सगळ्याच्या बदल्यात वेणूबाईने द्यायचं काय, तर एक दिवस गप्प राहायचं.

सौदा कोणालाही स्वस्तच वाटेल. पण कांदळपाड्यात कोणाला विचारलं असतं, तर तो म्हणाला असता, "त्यापरीस तिचं घर मागा, देईल बिचारी."

कारण वेणूबाईचं कामच बोलायचं होतं. द्रोणागिरीच्या डोंगराआडचं हे गाव खाडीला लागून. गावच्या हायस्कुलाला खाडीकाठची थोडी जमीन मिळाली होती आणि कमळाकर मास्तरांनी तिच्यावर शाळेची शेती उभी केली होती. समुद्राच्या कुशीत भात कसं पिकतं, खाऱ्या मातीतून गोडं वांगं कसं निघतं, हे पोरांनी हाताने करून बघावं, एवढीच त्यांची हौस. बघता बघता वाशीच्या, ठाण्याच्या, पार दादरच्या शाळा सहलीला येऊ लागल्या. जमिनीला खाडीच्या बाजूने मातीचा बांध आणि बांधात एक उघाडी, म्हणजे पाण्याचं दार. लाकडी फळीचं ते दार खाचेत वरखाली सरकायचं. दोरी ओढून वर घ्यायचं आणि दोरी खुंटीला अडकवायची. ओहोटीला दार वर, की आतलं जास्तीचं पाणी खाडीत जायचं. भरतीला दार खाली, की खारं पाणी बाहेरच्या बाहेर. सगळी शेती त्या एका फळीवर तरलेली, आणि फळी वेणूबाईच्या हातात. नवरा गेल्यावर मास्तरांनी तिला हे काम दिलं होतं.

सहलीची गाडी थांबली, की पोरं उतरायच्या आत वेणूबाई पदर खोचून समोर उभी. "चपला हितंच काढा. बांध नरम हाय, टाचेनं फुटतो. वळीनं चाला, कडंनं नको. भाजी पायजे तर मागा, खुडू नका. आनी त्या दोरीला, त्या खुंटीला हात लावायचा नाय, तुमचा बाप कलेक्टर असंल तरी नाय!"

हे शेवटचं तिने एकदा खरोखरच जीपमधून आलेल्या एका साहेबाला सुनावलं होतं. साहेबाने मुकाट्याने बूट काढले. मोज्याला भोक होतं, ते सगळ्या गावाने पाहिलं आणि वर्षभर पुरवून पुरवून सांगितलं.

तर एकोणीसशे एकोणऐंशीच्या माघात, पुनवेच्या दुसऱ्या दिवशी, कळंबोलीची मंडळी येणार होती. मुलगी बघायला नव्हे हं! शाळेची शेती बघायला. ही आपल्याकडची जुनी सोय. मुलगी बघायला आले आणि नको म्हणाले, तर दोन्ही घरांची नाकं कापली जातात. शेती बघायला आले आणि नंतर बोललेच नाहीत, तर शेती आवडली नसेल म्हणायचं. त्यामुळे नटलेली पुतळा सकाळपासून वांग्याच्या वाफ्यात नवी साडी नेसून उगाच तण काढत बसली होती. वाफ्यात तण नव्हतंच.

"आये, तू आज काय बोलू नको हां," पुतळाने बजावलं.

"मी कशाला बोलतंय?"

"चपलांचं बी नाय."

वेणूबाईने ओठ आवळून मान हलवली.

मंडळी आली. मागे सिताराम, मुलाचा बाप, शांत माणूस, बायकोच्या दोन पावलं मागे चालायची सवय असलेला. पुढे मुलगा दिलीप, खाली घंटेसारखी उघडलेली पँट आणि कानांवर आलेले केस. आणि मध्ये सुंदराबाई, वरमाय. अंगाने भरलेल्या, दंडात वाक्या, पायात नव्या कोऱ्या जाड टाचेच्या चपला. माहेर मिठागरवाल्यांचं, सासर मिठागरवाल्यांचं, अर्धा जन्म खाडीत गेलेला. तो त्यांच्या चालण्यात दिसायचा.

त्या चपलांसकट बांधावर चढल्या. टाच मातीत रुतली, चिखलाची टिकली उडाली. वेणूबाईने पाहिलं, तोंड उघडलं आणि म्हणाली, "या, सावकाश या. वाटंत काय तरास नाय ना झाला?"

पुतळाने वाफ्यातून मान वर करून आईकडे पाहिलं. तिला वाटलं, आई आजारी आहे.

सुंदराबाईंनी मुळा उपटून वास घेतला. वालाची शेंग खुडून दाताखाली धरली. "कवळी हाय गो!" वेणूबाई हसली. प्रत्येक वाफ्यावर एका एका पोराचं नाव लिहिलेली पाटी होती, आणि ती शेंग 'सुचित्रा, सातवी ब' हिची होती, हेही ती बोलली नाही. दोरीचं, खुंटीचं तर नावच काढलं नाही. होणाऱ्या विहिणीला, हात लावू नका, असं कोण सांगतं?

मग कालवण उतू जाईल म्हणून वेणूबाई पुढे शेतीच्या टोकाच्या झोपडीकडे गेली. सिताराम आणि दिलीप शेतीतल्या तळ्यावर मासे बघत रेंगाळले. सुंदराबाई म्हणाल्या, "मी जरा बांधावरून पाय मोकळे करून येतंय."

दुपारी एकच्या सुमाराला पानं मांडली. तांदळाच्या भाकऱ्या, तळ्यातल्या जिताड्याचं कालवण, वांग्याचं भरीत. जिताडा मास्तरांची परवानगी घेऊन काढलेला. वेणूबाई वाढत होती, पुतळा पाणी देत होती. दिलीप मान खाली घालून जेवत होता आणि पाणी मात्र जरुरीपेक्षा जास्त वेळा मागत होता. सुंदराबाईंनी तिसऱ्यांदा कालवण घेतलं. वेणूबाईला पोरीचा अंतरपाट दिसू लागला.

"एक सांगू काय, बाय?" सुंदराबाई बोटं चाटत म्हणाल्या. "शेती ब्येस हाय तुमची. पन गडी ध्यान देत नाय. एवढी उधानाची भरती चढत आली, नी दार आपलं खाली पडलेलं! पानी सगलं फुकट गेलं असतं. मी दिलं वर वढून. खुंटीला बांधून आले, चिंता नको."

आता मिठागरात भरतीचं पाणी आत घ्यायचं असतं. त्यातून मीठ होतं. उधाणाच्या दिवशी दार बंद राहिलं तर मिठागरवाला कपाळाला हात लावील. सुंदराबाईंचा हात जन्मभर जे करत आला, तेच त्याने केलं. आणि वर मनात धरलं, की होणाऱ्या विहिणीवर उपकार केला.

वेणूबाईच्या हातात भाकरीची टोपली होती. ती तशीच राहिली. झोपडीपासून उघाडी दिसत नव्हती, मधे खाडीकाठच्या कांदळांची दाट झाडी. पण पुनवेनंतरच्या उधाणाला एक वाजता पाणी कुठवर येतं, हे तिला न बघता कळत होतं.

आणि इथे वाट अडली होती. पाहुण्याला ताटावरून उठवायचं नाही. त्यातून मुलगी बघायला आलेला पाहुणा अर्ध्या जेवणातून उठला, तर ते स्थळ गेलंच म्हणायचं. तसलं उष्टं ताट रखमा सात गावांना दाखवून येईल. पंगत संपेपर्यंत थांबायचं? सुंदराबाईंच्या पानात अजून अर्धी भाकरी होती आणि त्यांना घाई कसलीच नव्हती.

वेणूबाईने त्या अर्ध्या भाकरीकडे पाहिलं. मग पुतळाकडे पाहिलं. पुतळाच्या डोळ्यांत तर वाफ्यांवरच्या पाट्याच उभ्या होत्या.

"उठा!" वेणूबाई ओरडली. टोपली खाली आदळली. "ताटं सोडा, उठा! खारं पानी आत आयलंय!"

नेसल्या साडीनिशी मायलेकी धावल्या. मागून उष्ट्या हातांनी सगळी मंडळी. उघाडीपाशी पाणी नुसतं येत नव्हतं, घुसत होतं. गढूळ, फेसाळ, कमरेएवढं. पुतळाने सरळ पाण्यात उडी घेतली. वेणूबाईने खुंटीवरची दोरी सोडली, तरी पाण्याच्या जोराने फळी खाचेत अडकून बसलेली, खाली येईना. वेणूबाई वरून दाबत होती, पुतळा खालून ओढत होती.

सुंदराबाईंनी एकदा पाणी बघितलं, एकदा पलीकडची वांगी बघितली. मिठागराची बाई ती. काय झालं ते तिला सांगावं लागलं नाही. चपला भिरकावल्या, काष्टा मारला आणि त्या थेट फळीच्या डोक्यावर चढून उभ्या राहिल्या. त्या दिवशी त्यांचं वजन कामी आलं. फळी कुरकुरली, हिसका बसला आणि दार सुंदराबाईंसकट खाली गेलं. पुतळाने त्यांना दंडाला धरून ओढून काढलं, वाक्या तिच्या हाताला लागून रक्त आलं. बांधावर दिलीप सगळ्यांच्या चपला छातीशी धरून उभा होता. काय करावं हे न सुचून त्याने तेवढंच केलं होतं.

मंडळी ओल्या कपड्यांनी गेली. शेती आवडली की नाही, कोणी काही बोललं नाही.

संध्याकाळी शाळेच्या ओसरीवर गाव जमलं. अर्धी शेती खाऱ्या पाण्याखाली गेली होती. खांबाला टेकून बसलेल्या मास्तरांनी विचारलं, "दार उघडलं कोणी?"

रखमा पुढे सरकली. "पावनी आलेली ना कलंबोलीची? त्यांच्यापैकी कोन–"

"पावन्यांचं नाव काढायचं नाय," वेणूबाई म्हणाली. "दार माज्या हाती होतं. मीच चुकलं."

"तू?" मास्तर तिच्याकडे बघत राहिले. "जी मला बांधावर छत्री टेकू देत नाही, ती?"

"आज लक्ष नवतं. पोरीच्या नादात होतं."

तसं बघितलं तर ती अगदीच खोटं बोलत नव्हती. रोजचं बोलणं त्या दिवशी बोलली असती, तर सुंदराबाईंचा हात खुंटीकडे गेला नसता. चपलांवर गिळलेला एक शब्द पार वाफ्यांपर्यंत पोचला होता.

उघाडीची दोरी शाळेच्या शिपायाकडे, नामाकडे गेली. सहलीपुढे उभं राहायचं कामही त्याच्याकडेच. तो भला माणूस, पण हळू बोलायचा. मागची पोरं बांधाच्या कडेने चालायची. वेणूबाई लांब झोपडीपाशी भाकऱ्या भाजत बसायची आणि तव्यावर उलथणं जरा जोरात आपटायची.

पंधरवडा गेला. मग एका सकाळी सिताराम एकटाच आला, हातात नारळ घेऊन. "मुलगी पसंत हाय," तो म्हणाला. घाम पुसला. "तुमच्या गावातल्या मानसांकडून कललं, तुमी वसरीवर काय बोलल्यात ते. घरी दिलीपची आय दोन दिस जेवली नाय. मग बोलली, ज्या घरात गोष्ट आत राहाते, तिथली पोर आनायची."

"आनी दिलीपराव काय म्हनतात?"

"तो त्या दिवशीच हो बोललेला. चपला धरून उभा होता ना, तवाच."

वैशाखात लग्न झालं. खारावलेल्या वाफ्यांना पुन्हा गोडी यायला दोन पावसाळे लागले. मग वांगी पुन्हा आली, पाट्यांवर नवी नावं आली, सहली आल्या. काही वर्षांनी मात्र जमिनीच्या मोजण्या सुरू झाल्या. न्हावा शेव्याला बंदर होणार होतं आणि बंदराला रस्ते, गुदामं लागतात. मुरुमाच्या गाड्या आल्या आणि बांध, उघाडी, वाफे सगळं एका पातळीत आलं. मास्तर सामान हलवायला आले, तेव्हा उघाडीची फळी त्यांनी स्वतः उचलून वेणूबाईच्या अंगणात आणून ठेवली. पुढे त्या फळीवर वेणूबाई वाल वाळत घालायची.

अजूनही उरणच्या एसटीत कोणी टाय लावलेला तरुण मधेच उठून जागा देतो आणि म्हणतो, "मावशी, ते म्हणा ना एकदा. बाप कलेक्टर असंल तरी नाय!" वेणूबाई लाजते. म्हणते मात्र, पूर्ण म्हणते.

सुंदराबाई दर माघात सुनेबरोबर कांदळपाड्याला येतात. जिथे बांध सुरू व्हायचा, तिथे आता ट्रक उभे असतात. तिथे पोचल्या की त्या चपला काढून हातात घेतात आणि पार वेणूबाईच्या दारापर्यंत अनवाणी चालतात, तापलेल्या डांबरावरून. त्या दिवसाचं दोघींत आजवर एक अक्षर निघालेलं नाही.

आता बाकी काढायची, तर वाफे गेले ते सुचित्राचे आणि सातवी ब चे, ज्यांचा काही गुन्हा नव्हता. दोरी गेली, बोलणं गेलं, ते वेणूबाईचं. रखमाचा विषय गेला. पण तिने नवा शोधला, त्यामुळे तिचं काहीच गेलं नाही. आणि सुंदराबाई? ज्या बाईने नवऱ्याला जन्मभर दोन पावलं मागे ठेवलं, तिने सुनेला आजतागायत आवाज चढवून हाक मारलेली नाही. भाजीत मीठ जास्त पडलं तरीसुद्धा. पुतळाला त्याचं कारण ठाऊक आहे. आठवड्यातून एकदा तरी तिच्या हातून भाजीत मीठ जास्त पडतंच.