जेवणाआधीचं आमेन

आमच्या चर्चच्या मंडळीतले आम्ही काही जण आमच्या पाळकांबरोबर परदेशात सेवा करणाऱ्या माझ्या मैत्रिणीला भेटायला गेलो होतो. मिशनच्या दवाखान्यात ती एकटीच नर्स. तिने माझ्या लेकीला कडेवर घेतलं आणि माझा जीव वरखाली झाला, इतके तिचे हात थरथरत होते.

मी तिला औषधांच्या खोलीत गाठलं. “काय गं, किती खंगलीस.”

“मला घरी यायचंय,” ती म्हणाली. “आज जेवताना पाळकांना सांगते. तू फक्त शेजारी बस.”

जेवायला बसल्यावर तिने घसा खाकरला, तेवढ्यात पाळकांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. “प्रभू, आमच्या या बहिणीला आणखी काही वर्षं इथेच तुझी सेवा करायला बळ दे.”

“आमेन,” सगळे म्हणाले. लहानपणापासूनची सवय, तीही म्हणाली, मीही म्हणाले.

पाळक हसले. “आमची वाघीण आहे ही. मला उगाच वाटत होतं, कंटाळली असेल.”

मी टेबलाखालून तिला ढोसलं. “अजूनही वेळ गेली नाही, सांग ना.”

“देवासमोर आमेन म्हटलंय गं,” ती हळूच म्हणाली, आणि पाळकांना वाढायला उठली.