काठोकाठ भरलेला प्याला

उम्सुनायचं पत्र आलं तेव्हा जर्दाळूची झाडं फुलली होती. आता त्यांची फळं वाळून ओट्यावर कापडभर पसरली आहेत, आणि पत्र गेल्या आठवड्यापर्यंत माझ्या पुस्तकात खुणेसारखं पडून होतं. ज्या पानावर ते ठेवलं, त्याच्या पुढचं पान काही मी वाचलं नाही.

"आगाय," तिनं लिहिलं होतं, कारण इथे आमच्या काराकोल गावात सगळे मला अजून गुरुजीच समजतात, "मी तुम्हाला आठवत नसेन. मी निळा रुमाल बांधून तुमच्या सल्ला केंद्रात यायचे. शेवटच्या दिवशी तुम्ही माझा प्याला काठोकाठ भरलात. मी समजले. चहा संपवून उठले आणि त्याच आठवड्यात मुलीला कडेवर घेऊन नवऱ्याचं घर सोडलं. पुढे माझं बरं झालं. नारिनमध्ये शिवणाचं दुकान आहे. कुणी विचारलं तर सांगते, आगायनी मला जा म्हटलं. आता तीच मुलगी, नुर्झात, सासरहून येऊन माझ्याकडे बसली आहे. परत जायचं की नाही, काही बोलत नाही. नुसती माझ्या हाताकडे बघते. तिला चहा ओतायचीसुद्धा मला भीती वाटते. थोडा ओतला तर राहा म्हटल्यासारखं, भरून दिला तर जा म्हटल्यासारखं. म्हणून विचारते. तुम्ही मला खरंच जा म्हटलं होतं का?"

असलं फोनवर विचारता येत नाही. पत्रातही उत्तर देता येत नाही, असं मला वाटत राहिलं. मी कागद घ्यायचो, तिचं नाव लिहायचो आणि खिडकीबाहेर बघत बसायचो. पॉप्लरच्या शेंड्यांमागे बर्फाचे डोंगर अशा वेळी इतके हलके दिसतात, की कुणी फुंकर घातली तर सरकतील.

खरं तर याच प्रश्नावर मी आयुष्य घालवलं. समोर बसलेल्या माणसाचं दुःख सल्लागाराला किती समजलं, आणि त्या समजण्यामुळे त्या माणसाचं पाऊल किती हललं, हे मोजायची एक मोजपट्टी मी तयार केली होती. अजून ती कुठे कुठे वापरतात म्हणे. मला स्वतःला तिच्याबद्दल कधीच खात्री नव्हती, पण कुणी विचारलं नाही, म्हणून मीही बोललो नाही.

गेल्या आठवड्यात विचारणारी आली. मेरिम, विद्यापीठातली तरुण संशोधक. माझी मोजपट्टी तपासून बघायचं काम तिनं घेतलं आहे. केंद्रातल्या जुन्या कॅसेटी, ज्यांनी ध्वनिमुद्रणाला होकार दिला होता त्यांच्या, तिनं संगणकावर घेतल्या होत्या. दुपारी ती आमच्या ओट्यावर येऊन बसली. माझी बायको बुरुल्चा चहाच्या समोवारपाशी होती.

"आगाय, या भेटीला तेव्हाच्या तिन्ही परीक्षकांनी पैकीच्या पैकी गुण दिलेत," मेरिम म्हणाली. "खास करून शेवटच्या शांततेला. एकानं शेरा मारलाय, 'अत्यंत समजूतदार शांतता'. म्हटलं, ती शांतता आपण दोघांनी मिळून ऐकू."

बुरुल्चा आपण होऊन चुलीकडे गेली. लोकांचं बोलणं ऐकायचं नाही, ही तिची सवय माझ्या नोकरीइतकीच जुनी.

यंत्रातून आवाज आला आणि मी ओळखला. निळा रुमाल. उम्सुनाय सांगत होती, "मुलगी झोपेत हसते, आगाय. त्या घरात तेवढीच एक हसते. तीही झोपेत."

मग पाण्याचा आवाज. बारीक, सावकाश, वर वर चढत जाणारा. मग काहीच नाही. मग खुर्ची सरकली.

मेरिमनं तो भाग पुन्हा लावला. "एवढा वेळ काय ओतताय? बादली भरताय का?"

मी जवळचा एक जर्दाळू उलटा करून उन्हात ठेवला.

"आणि परीक्षकांना हे ऐकू आलं नाही?"

"त्यांना टाइप केलेले कागद दिले होते. टाइप करणाऱ्यानं लिहिलं, शांतता."

"म्हणजे तुम्ही पाहुणीच्या हातात भरलेला प्याला दिलात, ती उठून गेली, आणि तुम्हाला पूर्ण गुण मिळाले."

"हो. तसंच म्हणायचं."

"त्या बाईंना नंतर कुणी विचारलं?"

"ती परत आली नाही. परत न येणाऱ्यांचे कागद आम्ही वेगळ्या कपाटात ठेवायचो. त्यांच्यामुळे आकडे बिघडायचे."

मेरिम हसली नाही, हा तिचा चांगुलपणा. तिनं तो आवाज तिसऱ्यांदा लावला. ऊन जर्दाळूंवर होतं, मधमाशा फिरत होत्या, आणि मी डोळे मिटले असावेत. पाणी चढत गेलं. प्याल्यात मला सरोवर दिसलं, इसिक-कुलचं पहाटेचं राखी पाणी, आणि काठावर एक तान्हं मूल झोपलेलं. ते हसलं. मला वाटलं, हे मी आधी पाहिलं आहे. त्या दिवशी त्या खोलीत बसून नेमकं हेच पाहत होतो मी. उम्सुनाय बोलली, ते मूल माझ्यासमोर आलं, आणि माझा हात कुठे आहे हे मी विसरलो. हात आपला ओतत राहिला. पाणी काठाला येऊन थांबलं, सांडलं नाही, आणि तिनं ते पाहिलं.

पण हे खरंच आठवलं, की आत्ता उन्हात बसून मी रचलं? मला सांगता येणार नाही.

"आगाय, झोपलात?"

"नाही."

बुरुल्चा कणकेचे तळलेले गरम बोर्सोक घेऊन आली. तिनं तिघांचे प्याले तळाशी तळाशी भरले, जसे भरायचे तसे.

"बायबिचे," घरधनिणीला मारतात त्या हाकेनं मी तिला विचारलं, "मी घरात कधी चहा ओतलाय?"

"एकदा. तुमच्या धाकट्या भावाच्या लग्नात. हौस आली म्हणून ओतायला बसलात. सगळ्यांचे प्याले तुडुंब. व्याही मंडळी अपमान झाला म्हणून उठली. सासूबाई त्यांना हाताला धरून फाटकातून परत घेऊन आल्या. का हो?"

मेरिमनं तोंडावर हात धरला. "म्हणजे आगायना ओतताच येत नाही?"

"पुस्तक धरलेल्या हाताला थांबायचं कधी कळतं का, पोरी?"

हेही खरं असू शकत होतं. तिचं दुःख समजलं म्हणून हात थांबला नाही, किंवा मला चहा ओतता येत नाही म्हणून थांबला नाही. दोन्हींचा आवाज यंत्रात सारखाच ऐकू येतो.

"मग मी काय लिहू?" मेरिमनं विचारलं. "सल्लागाराचा प्रभाव होता, की नव्हता?"

"लिही, माहीत नाही."

"त्याला तुमच्या मोजपट्टीत रकानाच नाही."

"मग आता एक आख. मला तेव्हा धीर झाला नव्हता."

ती गेल्यावर मी पुस्तकातून पत्र काढलं. बुरुल्चा भांडी आवरत होती. पत्राबद्दल तिला इतकंच ठाऊक होतं, की ते एका आईचं आहे आणि मी उत्तर दिलेलं नाही.

"हो म्हटलं तर तिला बरं वाटेल," मी म्हणालो. "नाही म्हटलं, तर इतकी वर्षं ज्याला टेकून उभी आहे ते काढून घेतल्यासारखं होईल."

"तिनं टेकू मागितलाय का?"

"नाही. खरं काय ते विचारलंय."

"मग तिकडे कुणाचा तरी चहा गार होतोय आणि इकडे तुम्ही मोजत बसलाय."

मी लिहिलं.

"उम्सुनाय, मुली, मी तुला जा म्हटलं नव्हतं. राहा असंही म्हटलं नव्हतं. तू मुलीच्या झोपेतल्या हसण्याबद्दल बोललीस. मला वाटतं, मी ते हसू बघत राहिलो आणि हात थांबवायचं राहून गेलं. माझ्या बायकोचं म्हणणं, मला ओतताच येत नाही. तिचंही बरोबर असेल. प्याला कशामुळे भरला हे मला ठाऊक नाही, आणि मी ठाऊक असल्याचं सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. पण उठलीस तू. मुलीला कडेवर तू घेतलंस. यंत्रात खुर्ची सरकल्याचा आवाज आहे, तो मी आज ऐकला. तो घाबरलेल्या माणसाचा नाही. किटली नुर्झातच्या हातात दे. तिला हवा तसा ओतू दे, तुझाही आणि तिचाही. तू प्याल्याकडे बघू नकोस, तिच्याकडे बघ. उशिराबद्दल क्षमा कर."

'तो घाबरलेल्या माणसाचा नाही' या वाक्यावर मी बराच वेळ अडलो. खुर्चीच्या आवाजावरून असं काही ठरवता येतं का? मोजपट्टीत बसणार नाही. खोडायला पेन टेकवलं, आणि मग राहू दिलं.

पोस्टात खिडकीमागच्या बाईनं पाकीट उलटंसुलटं केलं. "नारिन? साधं पाठवू?"

"लवकर पोचेल असं पाठवा," मी म्हणालो.

तिनं शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकलं.