तेलाची बाटली

सिंधुबाई कुठंही निघो, पिशवीत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि कच्च्या शेंगदाणा तेलाची बाटली असायचीच. तोरणमाळला निघताना मुलगा कुंदन कुरकुरला, "माय, हाटेलमा जेवसूत. लोके हसतीन." हसोत बापडे. शहाद्याच्या बाजारात तीस वर्षं बायकांच्या हातात बांगड्या भरलेली बाई ती, कुणाच्या हसण्याला कसली भीक घालते!

तलावाकाठी सगळे फोटो काढण्यात गुंग होते. सिंधुबाईची नजर गेली ती सीताफळं विकणाऱ्या कालीबाईवर. पायांना भेगा, लुगडं विटलेलं, पुढ्यात कोरडी भाकर नि मीठ. त्या भाकरीतलीही अर्धी तिनं बाजूला काढून ठेवलेली. कुणासाठी, तर शेजारी भेलकांडणाऱ्या एका भटक्या कुत्रीसाठी. कुणीतरी फेकलेल्या प्लास्टिकच्या बरणीत कुत्रीचं डोकं अडकलं होतं.

"दोन दिवस झाले," कालीबाई म्हणाली. "पाण्याचा थेंब नाही पोटात. झाडाखाली तीन पिल्लं आहेत. आज बरणी निघाली नाही तर सगळीच मरतील."

एका पोरानं बरणी धरून हिसडा दिला. कुत्री कळवळली.

"सोड मेल्या, कान तुटीन," म्हणत सिंधुबाईनं नव्या साडीनिशी धुळीत फतकल मारली. कुंदनचं तोंड उतरलं. कालीबाईनं कुत्रीला मांडीत दाबून धरलं आणि सिंधुबाईनं बरणीच्या काठावरून तेल सोडलं. घट्ट बांगडी उतरवताना आधी अंगठा दुमडून काढायचा, हे तिचं जन्माचं काम. इथं अंगठ्याच्या जागी कान, एवढाच काय तो फरक. तिनं बोट आत सरकवलं. डावा कान आला. उजवा काही केल्या येईना, आणि कुत्री गुरगुरायला लागली.

"माय, कुत्री चावीन. ऊठ."

"चावू दे."

तिनं आणखी तेल ओतलं, डोळे मिटले आणि निव्वळ बोटांवर भरवसा ठेवला. कान सुटला. बरणी सुळकन तिच्या हातात आली.

कुत्री तलावाकडे धावली, घटाघटा पाणी प्यायली आणि तशीच पिल्लांकडे पळाली. भोवती जमलेल्या लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. कुस्ती मारल्यासारखी सिंधुबाईनं बरणी उंच धरली. तिला फार आनंद झाला होता आणि तो लपवायची तिला मुळीच गरज वाटली नाही.

कुंदन हळूच शेजारी येऊन धुळीत बसला. "माय, तेल उरनं का?"

"उरनं शे. पहिले कालीबाईले."

कालीबाईनं भाकरीवर तेल घेतलं, पहिला तुकडा मोडला आणि कुंदनच्या हातावर ठेवला.