जठारपेठेतला महापूर

हरिहर मास्तरांना शाळेत भूगोल शिकवण्याचा पगार मिळत असे आणि ‘दैनिक दुंदुभी’चे अकोल्याचे वार्ताहर म्हणून मान मिळत असे. पगारावर घर चालायचं आणि मानावर मास्तर चालायचे. ‘दुंदुभी’ निघायचं अमरावतीहून. तिथे सहसंपादकाची एक जागा रिकामी होती आणि ती दिवाळीच्या आत भरायची, असं संपादक बापूसाहेबांनी जाहीर केलं होतं. ती जागा मिळाली की शाळा, खडू आणि अकोल्याचा उन्हाळा या तिघांनाही एकदम रामराम ठोकायचा, असं मास्तरांनी ठरवून टाकलं होतं. अमरावतीचा उन्हाळा काही थंड नसतो; पण तो सहसंपादकाला कमी लागत असावा अशी त्यांची समजूत होती.

आडवा येत होता तो अंजनगाव सुर्जीचा वार्ताहर. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन पावसाळे झाले होते, आणि मागच्या निवडणुकीचे निकाल ऐकवायला आणलेला भोंगा बापूसाहेबांच्या कचेरीवर तसाच राहून गेला होता. पाच वर्षांतून एकदा निकाल लागतो, मग उरलेल्या दिवसांत भोंग्याने काय करायचं? बापूसाहेबांनी युक्ती काढली. गावोगावच्या वार्ताहराने ट्रंककॉल लावायचा, इकडे टेलिफोनचा रिसीव्हर मायक्रोफोनला चिकटवायचा, की वार्ताहराचा आवाज थेट चौकात. उद्याची बातमी आज, आणि आजची आत्ता! पहिला मान अंजनगावच्या गारपिटीला मिळाला. टिनावर गारा ताडताड वाजताहेत आणि वार्ताहर ओरडतोय, “डोक्यावर परात धरून बोलतो आहे!” अमरावतीच्या चौकात लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या गारा म्हणजे टिनावर ओतलेली तूर होती, असं हरिहर मास्तर भेटेल त्याला सांगत. पण तूर असो की गारा, टाळ्या खऱ्या होत्या, आणि मास्तरांचा जळफळाट त्यांच्यासाठीच होता.

म्हणून श्रावणात मोर्णा नदी फुगायला लागली तेव्हा अख्ख्या अकोल्यात एकच माणूस आनंदात होता. एरवी मोर्णेत म्हशीसुद्धा नाइलाजाने बसतात. पण त्या वर्षी वरच्या अंगाला पाऊस कोसळला आणि सकाळी सकाळीच लाल पाणी पुलाच्या कमानींशी धडका घ्यायला लागलं. मास्तर राहत जुन्या शहरात, नदीच्या अलीकडे. फोन होता पलीकडे जठारपेठेत, मोतीरामच्या सरकी-ढेपेच्या दुकानात. मास्तरांनी धुतलेला सदरा चढवला, छत्री घेतली.

“मी काय म्हणते,” त्यांची बायको कुंदा म्हणाली, “आधी टांगा आणा. आत्याला पलीकडे पोचवून द्या, मग करा काय तो फोन.”

पार्बताआत्या ही मास्तरांची सख्खी आत्या. तिनेच त्यांना लहानाचं मोठं केलं होतं. आता तिचे पाय गेले होते आणि ती बाजेवरून उठू शकत नव्हती.

“आपल्या गल्लीत पाणी येत नाही,” मास्तर म्हणाले. “मी भूगोल शिकवतो.”

“पाण्यानं तुमचा भूगोल वाचला आहे का?”

“तासाभरात येतो,” म्हणत मास्तर निघाले. पूल ओलांडताना त्यांनी पाण्याकडे नीट पाहून घेतलं, ते वर्णनासाठी.

जठारपेठेत साधा चिखलही नव्हता. पाऊस थांबून गेला होता, दुकानं उघडी होती आणि लोक नदीकडून येणाऱ्यांना थांबवून थांबवून पुराची खबर विचारत होते. मोतीरामने मास्तरांना गादीवर जागा दिली. अर्जंट कॉल लावून मास्तर त्याच्याकडे वळले.

“मोतीरामजी, एक बादली पाणी पाहिजे.”

“पाय धुता का?”

“पाय बुडवून बसायचं आहे. त्याशिवाय आवाजाला ओल येत नाही.”

मोतीरामने बादली मागवली. मास्तरांनी धोतर वर खोचलं, दोन्ही पाय बादलीत सोडले आणि दुकानाचा हमाल पुंजाराम याच्या हातात तांब्या देऊन त्याला पाण्याच्या टाक्याशी उभं केलं. मी बोट वर केलं की तू पाणी खळबळवायचं, असं त्याला समजावलं. पुंजाराम पंधरा वर्षं पोती उचलत होता, पण असलं काम त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

“मास्तर, पूर तं तिकडं हाय,” तो म्हणाला. “मंग आपून इथं काहून पानी हालवून राहिलो?”

“तिकडे फोन नाही म्हणून,” मास्तर म्हणाले. पुंजारामने तांब्या टाक्यात बुडवला. तेवढ्यात घंटी खणखणली.

बापूसाहेबांचा एक नियम होता. आधी स्थळ सांगायचं, मग संकट. स्थळ सांगितल्याशिवाय लोकांना भीती नीट वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं. मास्तर नियमाचे पक्के.

“स्थळ जठारपेठ, अकोला!” त्यांनी आवाज चढवला. “मोतीरामजींच्या दुकानापाशी मी हरिहर, आपला वार्ताहर, प्रत्यक्ष पुरात उभा आहे! मोर्णामाईने रौद्र रूप धारण केले असून पाणी माझ्या गुडघ्यापर्यंत आले आहे!”

बोट वर गेलं. पुंजारामने तांब्याने पाणी खळबळवलं. पलीकडून बापूसाहेबांचा दबका आवाज आला, “गुडघ्यानं काय होतं, मास्तर? अंजनगावच्या गारा आवळ्याएवढ्या होत्या. चौक भरला आहे. चढवा!”

“पाणी कमरेला लागले आहे!” मास्तरांनी चढवलं.

इतक्यात एक गिऱ्हाईक दुकानात शिरलं आणि म्हणालं, “सरकीचा भाव काय हो आज?” मोतीरामने हाताने थांबवलं तरी ते पुन्हा ओरडलं, “अवो, भाव तं सांगा! बैलं उपाशी हायेत!”

“ऐका, ऐका हा आक्रोश!” मास्तर गरजले. “एक शेतकरी आपल्या मुक्या जनावरांसाठी टाहो फोडतो आहे!”

चौकात हळहळ उसळली. आता मास्तरांना थांबवणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं. बापूसाहेबांनी विचारलं, “आणि बायकापोरं?” आणि मास्तर सहज, पाणी प्यावं इतक्या सहज म्हणाले, “माझ्या घरच्या बायामाणसांना मी पहाटेच सुरक्षित स्थळी हलवले आहे. माझ्या जिवाची मला पर्वा नाही! पाणी छातीला आले... आता गळ्याशी...”

“तीन मिनिटं झाली,” एक्स्चेंजमधला माणूस म्हणाला आणि लाईन तोडली.

मास्तरांनी समाधानाने रिसीव्हर ठेवला. इतका सुंदर शेवट त्यांना स्वतःला सुचला नसता. पाय पुसून त्यांनी चहा मागवला आणि सहसंपादकाची खुर्ची वेताची असते की लाकडी, याचा विचार करत ते दुकानात टेकून बसले. चहा झाला, पान झालं. तासाभराचा वायदा केव्हाच उलटून गेला होता.

मोतीराम रस्त्यावरून चौकशी करून आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

“मास्तर, पूल पान्याखाली गेला. जुन्या शहरात तुमच्या आंगाच्या गल्ल्याइत पानी घुसलं म्हन्ते. वहिनी कोठी हायेत?”

कुंदा घरात होती. आत्या बाजेवर होती. त्यांनी पायांत उलट्या वहाणा घातल्या आणि दाराकडे धावले.

“थांबा ना,” मोतीरामने दंड धरला. “पोहून जानार हाय का? तिकडच्या भोयांची नाव आनली हाय टरकवर घालून. अकोल्यात एकच नाव, पन हाय. ते जुन्या शहरातच जाईन. काढतीन त्यायले.”

नाव आहे म्हटल्यावर मास्तरांच्या जिवात जीव आला. नाव आहे, भोई आहेत, सरकार आहे. ते पुन्हा गादीवर टेकले आणि त्यांनी कपाळाचा घाम पुसला.

तेवढ्यात कर्कश हॉर्न वाजवत एक ट्रक दुकानासमोर येऊन थांबला. ट्रकवर नाव होती. नावेत वल्ही घेऊन चार भोई बसले होते, आणि त्यांचा म्होरक्या चंद्रभान कोरड्या रस्त्याकडे टकमक पाहत होता.

“हरिहर मास्तर कोन हाय?” त्याने वरूनच विचारलं.

“मी.”

“तुमी तं बुडून राहिले होते ना बावा?”

मास्तरांनी वर खोचलेलं धोतर घाईघाईने खाली सोडलं.

“आमी तिकडं पुलापाशी नाव पान्यात सोडून जुन्या शहराकडं निघालोच होतो,” चंद्रभान खाली उतरला. “तं वरून हुकूम आला. पैले जठारपेठेत जा म्हने, पेपरवाला गळ्यालोक पान्यात हाय. अमरावतीच्या बड्या वकिलाचा जवाई हाय म्हने, त्यानं फोनावर फोन करून साऱ्याइले हालवून सोडलं. कोठी हाय पानी?”

बडा वकील म्हणजे मास्तरांचे सासरे, त्र्यंबकराव. ते चौकात उभं राहून जावयाचा आवाज ऐकत होते. लेक सुरक्षित आहे हे त्यांनी जावयाच्याच तोंडून ऐकलं होतं. मग उरला जावई. त्याला वाचवायला त्यांनी आपलं सगळं वजन खर्च केलं, आणि शहरातली एकुलती एक नाव आपल्या लेकीच्या दारातून उचलून कोरड्या जठारपेठेत आणून ठेवली.

“चला!” मास्तर किंचाळले. “मागे फिरा! माझी बायको तिकडे आहे! म्हातारी आहे, तिला चालता येत नाही!”

“तुमी तं त्यायले हालवलं म्हने.”

“नाही हो! नाही हलवलं!”

चंद्रभानने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग त्याने हाताला धरून मास्तरांना ट्रकवर ओढून घेतलं. वर बसायला नावेशिवाय जागा नव्हती. अशा रीतीने ‘दुंदुभी’चे वार्ताहर भरदुपारी, भरबाजारातून, ट्रकवरच्या नावेत बसून पुराकडे निघाले. लोक दोन्ही बाजूंनी बघत होते, आणि पुंजारामने तर हात जोडून नमस्कारही केला. मास्तरांना यातलं काही दिसत नव्हतं. ते मोठ्याने रडत होते, आणि ते रडणं ऐकायला अमरावतीचा कोणी नव्हता.

नाव गल्लीत पोचली तेव्हा मास्तरांच्या घराची कौलं तेवढी वर होती. शेजारच्या माडीच्या जिन्यावर, अगदी वरच्या पायऱ्यांपाशी, कुंदा उभी होती. माडीचं दार बाहेरून कुलूपबंद होतं. शेजारी गावाला गेले होते. पार्बताआत्या तिच्या पाठीवर होती, लुगड्याने बांधलेली. पाणी कुंदाच्या छातीला लागलं होतं, आणि सकाळपासून एकेक पायरी चढत ती इथवर आली होती. आता वर पायरीच उरली नव्हती.

मास्तरांनी हात पुढे केला. कुंदाने चंद्रभानचा हात धरला आणि नावेत आली. वाटेत नाव इतक्या उशिरा का आली, असं तिने विचारलं, तेव्हा चंद्रभानने सांगितलं. त्याने काही जास्त सांगितलं नाही आणि काही कमीही सांगितलं नाही. मास्तर नावेच्या टोकाला बसून पाण्याकडे पाहत होते, पण आता वर्णनासाठी नाही.

संध्याकाळी मोतीरामच्या दुकानात त्याची बायको जमुना आत्याला गरम दूध पाजत होती. फोन खणखणला. बापूसाहेबच होते, आनंदाने नुसते उकळत होते.

“वाचलात! वा! चौकात पाय ठेवायला जागा नाही, मास्तर. सहसंपादकाची खुर्ची तुमची, शब्द देतो. आता वहिनींना द्या. दोन शब्द बोलू द्या आपल्या वीर पतीविषयी. त्र्यंबकरावही इथेच आहेत, डोळे पुसताहेत.”

मास्तरांनी रिसीव्हरवर हात ठेवला. एवढं झाल्यावर तरी त्यांना गप्प बसता यायला हवं होतं. पण खुर्ची समोर दिसत होती. त्यांनी बायकोकडे पाहून हळूच म्हटलं, “फार नको. एवढंच म्हण, की यांनी जिवाची पर्वा केली नाही.”

कुंदाने रिसीव्हर घेतला. तिच्या केसांतून अजून पाणी गळत होतं.

“कुंदे,” त्र्यंबकरावांचा आवाज आला, “कशी आहेस, पोरी? तिथे पाणी कुठवर आहे?”

“इथे नाहीच, बाबा. मी जठारपेठेतूनच बोलते आहे. इथे ओल्या काय त्या मी अन् आत्या.”

“म्हणजे?”

“यांनी आम्हाला कुठेच हलवलं नव्हतं. मी आत्याला पाठीवर घेऊन जिन्यात उभी होते. नाव दिसली, मी हाक मारली, तर नाव उलटी फिरून निघून गेली. यांना काढायला इकडे आली होती.”

चौकात कुजबुज उसळली. ती मोतीरामच्या दुकानातही ऐकू आली. मग त्र्यंबकरावांनी खाकरून गळा साफ केला. भोंगा चालूच होता.

“मी सकाळच्या गाडीनं निघतो. तुला अन् आत्याबाईंना घेऊन येतो.”

“अन् यांना?”

“त्यांना राहू दे तिथेच,” त्र्यंबकराव म्हणाले. “एवढ्या पुरातून माणूस कसा निघेल?”

पलीकडे अमरावतीचा अख्खा चौक खो खो हसत सुटला, आणि तीन मिनिटं संपेपर्यंत हसतच राहिला. मास्तरांना ते हसू एकूणएक ऐकू आलं.