स्वर्गवासी रानी केवडावती

रौप्यमहोत्सव म्हटला की जुन्या माणसांना पेटीतून काढून ऊन दाखवायचं, अशी आपल्याकडे रीतच आहे. अड्याळच्या दंडार मंडळानं १९८४ च्या मंडईत तेच केलं. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. सोयरे येतात, दिवसाढवळ्या दंडारीचे, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याचे, खेळ होतात आणि त्याच गर्दीत पोरापोरींच्या सोयरिकीही जुळतात.

मंडळ पंचवीस वर्षं एकाच वीराचे खेळ करत आलं होतं. बिजलीबहाद्दर त्याचं नाव. दर मंडईला राक्षस नवा, संकट नवं, वीर मात्र तोच. पूर्वी अंगावर काळी घोंगडी आणि डोळ्यांभोवती काजळ, एवढ्यावर तो आकाशातून उतरायचा. आता नागपुरात शिवलेला चमचमता झगा आला होता आणि छातीवर बॅटरीचा दिवा. यंदाचा खेळ जुन्या खेळांना मुजरा म्हणून रचला होता. नवा बहाद्दर हरतो, जुन्याच्या गुहेत शिरतो, तिथं मागच्या खेळांतले राक्षस एकेक करून भेटतात आणि शेवटी जुना बहाद्दर स्वतः येऊन त्याला आपली घोंगडी देतो. पहिला बहाद्दर भय्याजी. साठी उलटलेली, दोन्ही गुडघे गेलेले, पण यायला एका पायावर तयार.

राहिली रानी केवडावती. दर खेळात राक्षस तिला पळवायचा, ती हाक मारायची आणि तिच्या हाकेशिवाय बहाद्दर हलायचा नाही. पहिली दहाबारा वर्षं ही रानी झाला तो टेकचंद. पुढं नाटकात बायकाच येऊ लागल्या आणि टेकचंदनं मिशी वाढवून धानाच्या बांधीत लक्ष घातलं. मंडळाची माणसं बोलवायला गेली तेव्हा त्यानं हात जोडले.

"मले वगळा. माझं नावच घेऊ नका."

त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या तुळसाचं एक स्थळ मोडलं, तेव्हा कोणीतरी म्हणालं होतं, नाच्याची पोरगी कोन करते? ते त्याच्या काळजात रुतून बसलं. आणि यंदा मंडईला तुळसाला पाहायला आंधळगावचे पाहुणे येणार होते.

"आधीच सांगून द्या ना," त्याची बायको रत्नाबाई म्हणाली. "गावात कोनाले मालूम नाही?"

"तू चूप बस."

पाहुणे आले. मुलाचा बाप भोजराज आणि भोजराजची म्हातारी आई चंद्रभागाबाई. म्हातारीला कमी दिसायचं म्हणून तिला पुढं, टेकचंदच्या शेजारीच बसवलं. खेळ रंगला. जुने राक्षस येऊन गेले. मग जुन्या रानीची आठवण म्हणून एका नव्या पोरीनं हाक मारली.

"हे नाही जमलं," चंद्रभागाबाई म्हणाली. "मी इकडं बाजूच्या गावात माहेरी आली होती तवा पाह्यली होती खरी रानी. तिची हाक आयकून आमी साऱ्या बाया रडलो होतो. कोन होता तो मानूस, भाऊ?"

'मी' एवढंच म्हणायचं होतं. एकच अक्षर. टेकचंद म्हणाला, "होता एक. मेला."

"अरारा! कवा?"

"झाले पाच-सहा वर्सं."

खोट्याला पाय नसतात म्हणतात. टेकचंदच्या खोट्याला सहा वर्षांचं वय आलं. मागं पाण्याचा लोटा घेऊन तुळसा उभी होती. तिनं बापाकडं पाहिलं. बाप स्टेजकडं पाहत राहिला.

म्हातारीनं डोळे पुसले, पदराची गाठ सोडली आणि बक्षिसाचं ताट फिरवणाऱ्याच्या कानात काहीतरी सांगून एक नोट टाकली. नव्या बहाद्दराला देत असेल, असं टेकचंदला वाटलं आणि त्याचा जीव जरा भांड्यात पडला.

माइकवर बोलणारा आणि ताटवाला, दोघंही भंडाऱ्याहून भाड्यानं आणलेले. ताटवाला सांगेल ते ओरडायचं, एवढंच माइकवाल्याचं काम.

"आंधळगावच्या चंद्रभागाबाई यांच्याकडून, रानी केवडावतीचं काम करणाऱ्या स्वर्गवासी कलावंताच्या आत्म्याला शांती मिळो म्हणून, पाच रुपये बक्षीस!"

स्टेजवर भय्याजी घोंगडी देता देता थांबला. त्यानं सरळ माइक ओढला.

"कोन मेला बे? टेकचंद? अबे, तो काय समोर बसून आहे! सकाळीच त्यानं मले तंबाखू देल्ला!"

सगळी मंडई हसली आणि सगळी मंडई वळली. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं टेकचंदला झालं. भोजराजही हसला. चंद्रभागाबाई हसली नाही.

"तुमीच?"

"हो, माय."

"मंग मेला काहून म्हनलं?"

"पोरीचं जमून राहिलं होतं, ते मोडू नये म्हनून."

"रानीनं आमचं काय बिघडवलं होतं? मी तं तिच्यासाठी आता रडली."

टेकचंदची मान वर होईना. लुगडं नेसल्याची लाज त्याला कधीच वाटली नव्हती, हे त्याला आत्ता कळलं. त्याच्या हातून झालेलं एकच काम परगावच्या माणसानं इतकी वर्षं मनात जपलं होतं, आणि त्यालाच त्यानं स्वतः अग्नी दिला होता. लाज वाटत होती ती याची.

"जाऊ दे ना माय," भोजराज म्हणाला. "घर चांगलं आहे."

"पोरीचं वय सांगितलं ते खरं आहे का?" म्हातारीनं विचारलं. "शिकली किती? अंगात काही दुखनं?"

"सारं खरं सांगितलं, माय. पोरीची आन घेऊन..."

"तुमी राहू द्या, भाऊ."

ती आवाज चढवून बोलली नाही. थोडी सरकली, चटईवर जागा केली आणि मागं वळून तुळसाला म्हणाली, "ये बाई, इथं बस. आता तूच सांग."

तुळसा बसली. वय सांगितलं, सातवी पास सांगितलं. आवाज स्वच्छ होता, कुठं अडखळला नाही.

"अजून काही लपवलं आहे का तुझ्या बापानं?"

"नाही जी," तुळसा लगेच म्हणाली. "माझा बाबा कवाच खोटं..."

आणि ती थांबली. टेकचंद तिच्या तोंडाकडं पाहत होता. तिनं मान खाली घातली.