आजीच्या बाजूचा खळगा

मित्रांनो, मी सांगते त्यातल्या अर्ध्यावरही तुमचा विश्वास बसणार नाही. जागची तसूभर न हलता मी एका मांजरीला घराबाहेर काढलं, बाल्कनीतल्या साऱ्या कुंड्या शेजाऱ्यांच्या गळ्यात मारल्या आणि एका डॉक्टरला खोटं पाडलं! मी एक जुनी गादी आहे. सध्या मुक्काम भंगारवाल्याच्या अंगणात, तुम्ही पोरं माझ्यावर उड्या मारता तिथेच.

माझा कापूस इतका हलका, की शिवताना चार माणसं मला धरून बसली होती. नाहीतर मी ढगांतच गेले असते. पुढे माझ्यावर आजी-आजोबांनी संसार केला. आजी शिस्तीची. दर दोन वर्षांनी मला उसवायची, कापूस पिंजून घ्यायची, कडकडीत उन्हात घालून पुन्हा भरायची.

आजी गेली. तिच्या बाजूला तिच्या देहाचा खळगा तेवढा राहिला. गादीवाला आला तर आजोबा दारात आडवे. "उसवायची नाही. पिंजली की तिची जागा बुजली."

मग माझ्या पोटात धूळ साठली आणि धुळीत डोळ्यांना न दिसणारे किडे. एखादं शहर लाजेल एवढी वस्ती! आजोबा आधी शिंकू लागले, मग खोकू, मग छातीत शिट्टी वाजू लागली.

"वय झालं, आजोबा. या वयात कसली नवी ॲलर्जी?" डॉक्टर म्हणाले.

तरी लेकीने मांजर दुसरीकडे दिली, कुंड्या वाटल्या. शिट्टी चालूच. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी आजोबांच्या हातावर थेंब ठेवून सुईने टोचून पाहिलं. मांजरीचा थेंब गप्प, फुलांचा गप्प. धुळीतल्या किड्यांच्या थेंबाखाली मात्र ही एवढी गांध उठली.

"ॲलर्जी वय विचारून येत नाही," बाई म्हणाल्या. "ती जुनी गादी आधी काढा."

"बाबा, टाकूया ना ही," लेक काकुळतीला आली.

"तुझ्या आईला टाकू?"

"आई असती तर तिनंच हिला जिन्यावरून ढकललं असतं!"

आजोबा कितीतरी दिवसांनी हसले. हसता हसता त्यांना धाप लागली.

आणि काय सांगू, मित्रांनो! दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला स्वतः खांद्यावर घेऊन खाली आणलं. आता ते चार मजले एका दमात चढतात. शीळ घालत फिरायला जातात. मांजरही परत आली. म्हणून सांगते, माणसावर माया असेल तर गादीला ऊन दाखवा, वेळेवर उसवा, आणि...

"पुरे गं!" शेजारची मोडकी आरामखुर्ची करकरली. "पोरांना कशाला फसवतेस? म्हाताऱ्याला आडवंसुद्धा होता येत नव्हतं. शेवटी शेवटी माझ्यात बसून नुसता श्वास ओढत होता, तरी तुला कुणाला हात लावू दिला नाही. घर रिकामं केलं तेव्हा आपल्या दोघींना एकाच टेम्पोत घातलं. विसरलीस?"