कानाखालची गाठ

आजोबा एमआरआयच्या खोलीतून दुसऱ्यांदा बाहेर आले. चित्र पुन्हा हललं होतं.

"आजोबा, तुम्ही गिळलंत," मशीनवरच्या बाई म्हणाल्या. सकाळपासून बोलून बोलून त्यांचा आवाज बसला होता.

"तुम्ही 'गिळू नका' म्हणता, तेव्हाच तोंडाला पाणी सुटतं. एरवी आठवणसुद्धा होत नाही."

बाई कशाबशा हसल्या. "बरं, नाही म्हणत. खडखडाट थांबला की गिळून घ्या. चला, परत झोपा."

गाठ कानाखाली, लाळेच्या ग्रंथीत होती. तिची आजोबांना फारशी भीती नव्हती. पण ओठ हलवणारी नस त्याच ग्रंथीतून जाते, आणि त्यांची नात चिमणी ऐकू येत नसल्यामुळे ओठांवरूनच बोलणं ओळखायची. आजोबांचं तर सगळ्यात पटकन.

या वेळी चित्र नीट आलं. डॉक्टरांनी त्यांना पडद्यापाशी बसवलं.

"ही गाठ. हा ठिपका म्हणजे रक्तवाहिनी."

"आणि नस?"

"ती दिसत नाही, फार बारीक असते. या रक्तवाहिनीला लागून बाहेरून जाते, त्यावरून अंदाज बांधायचा. तुमची गाठ आतल्या बाजूला आहे. म्हणजे नस बहुतेक गाठीवरून गेलीय. सर्जन ती अलगद बाजूला करून गाठ काढतील."

"तोंड वाकडं होईल?"

"काही महिने होऊ शकतं. बहुतेकांचं सुधारतं. पण शब्द नाही देऊ शकत. गाठ कसली, ते सुई घालून तपासल्यावर कळेल."

आजोबा बाहेर आले. काचेपलीकडच्या बाकावर चिमणी बसली होती.

"तुम्ही 'वाकडं' म्हणालात. मी पाहिलं."

खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं. आजोबा उजेडाकडे तोंड करून बसले आणि तिच्याच गालावर बोट फिरवत सावकाश सांगू लागले. "इथून एक तार निघते. पुढे तिला फाटे फुटतात. हा डोळ्याचा, हा ओठांचा. माझी गाठ त्या तारेखाली बसलीय. काढताना तार दुखावली, तर ओठ नीट हलणार नाहीत."

चिमणीनं विचार केला. मग तळहातानं त्यांचे अर्धे ओठ झाकले. "बोला."

ते बोलले.

"नाही कळलं. परत."

आजोबांची पाठ भरून आली होती. ते पुन्हा बोलले, आणखी सावकाश.

"नाही. परत."

त्यांनी परत तेच सांगितलं.

"'घरी जाऊ या'!" चिमणी म्हणाली, पण हात काही काढला नाही. "आता मोठं वाक्य."